घरी लिहिलेलं गुरुत्वाकर्षणाचं सिम्युलेशन विचित्र वागतं तेव्हा

दोनशे ठिपके, प्रत्येक ठिपका बाकीच्या सगळ्यांना ओढतो, आणि हे सगळं पायथॉन किंवा जावास्क्रिप्टच्या शंभरएक ओळींत. सुरुवातीला ठिपके सावकाश एकमेकांकडे सरकतात. मग मध्येच एक ठिपका सुसाट सुटतो, त्याच्या मागोमाग दुसरा, आणि थोड्या वेळात निम्मा पडदा रिकामा होतो. कुणाचा अख्खा घोळकाच हळूहळू उजवीकडे सरकत राहतो. कुणाचा ग्रह सूर्याभोवती फिरतो खरा, पण दर फेरीला थोडा लांब जातो.

अशा वेळी हात आपसूक दोन उपायांकडे जातो: वेगाला कमाल मर्यादा घालायची, नाहीतर प्रत्येक स्टेपला, म्हणजे काळाच्या प्रत्येक छोट्या टप्प्याला, वेग ०.९९ने गुणायचा. चित्र लगेच शांत होतं. हे दोन्ही करू नका, असं मी आग्रहाने सांगेन. जे विचित्र दिसतं त्यातलं काही कोडमधल्या चुकीमुळे असतं आणि काही खरोखरच गुरुत्वाकर्षणाचं वागणं असतं. वेग कापला की दोन्ही एकदमच झाकलं जातं आणि मग कुठलं काय होतं हे कळायचा मार्गच उरत नाही. पडद्याकडे बघून निदान करू नये, आकडे बघावेत. त्यासाठीचा क्रम खाली देतो आहे.

आधी तीन आकडे छापा

दुरुस्तीला हात लावण्याआधी कोडमध्ये तीन बेरजा घाला: एकूण ऊर्जा, एकूण संवेग आणि एकूण कोनीय संवेग. बाहेरचं काहीही नसलेल्या, फक्त एकमेकांना ओढणाऱ्या कणांच्या जगात या तिन्ही राशी बदलत नाहीत.

संवेग म्हणजे प्रत्येक कणाचं वस्तुमान गुणिले वेग, यांची बेरीज. क्ष आणि य दिशेची वेगवेगळी ठेवा. द्विमितीत कोनीय संवेग म्हणजे वस्तुमान × (क्ष × य-वेग − य × क्ष-वेग), यांची बेरीज. ऊर्जेत गतिज भाग सोपा आहे: अर्धा × वस्तुमान × वेगाचा वर्ग. स्थितिज भाग प्रत्येक जोडीसाठी −(स्थिरांक × पहिलं वस्तुमान × दुसरं वस्तुमान ÷ अंतर), आणि इथे एक काळजी घ्यायची. जोडी एकदाच मोजायची. दुहेरी लूपमध्ये अ-ब आणि ब-अ दोन्ही मोजले गेले, तर सिम्युलेशन अगदी बरोबर असूनही ऊर्जा हलताना दिसेल आणि तुम्ही नसलेली चूक शोधत बसाल.

आकडे हाताळायला सोपे राहावेत म्हणून गुरुत्वस्थिरांक १ धरा, एकूण वस्तुमान १, आणि घोळक्याची त्रिज्याही १. सूर्यमाला करायची असेल तर अंतर खगोलीय एककात (पृथ्वी ते सूर्य हे सरासरी अंतर म्हणजे १), वस्तुमान सूर्याच्या पटीत आणि काळ वर्षांत घ्या. मग स्थिरांक ३९.४८ येतो (पायच्या वर्गाची चौपट) आणि पृथ्वीचा वेग ६.२८३. मीटर, किलोग्रॅम आणि सेकंद घेऊन ६.६७४ च्या पुढे उणे अकरावा घात लिहिणं शक्य तितकं टाळा. त्यातून काय होतं ते पुढे येईलच.

मग दोनच कण ठेवा

दोनशे कणांत चूक शोधणं फार अवघड. मध्ये १ वस्तुमानाचा कण ठेवा, त्यापासून १ अंतरावर नगण्य वस्तुमानाचा दुसरा, आणि त्याला आडव्या दिशेने १ वेग द्या. उत्तर आपल्याला आधीच माहीत आहे: अचूक वर्तुळ, एक फेरी ६.२८३ काळात. वर्तुळ आलं की वेग ०.८ करून बघा. आता लंबवर्तुळ यायला हवं, सर्वांत जवळचं अंतर साधारण ०.४७, आणि कक्षा पुन्हा पुन्हा त्याच वाटेने जायला हवी.

तसं झालं नाही, तर कुठला आकडा बिघडला त्यावरून चूक बरीचशी पकडता येते. संवेगाची परीक्षा घेताना मात्र दोन्ही कणांना भरीव वस्तुमान द्या आणि दोघांनाही मोकळं हलू द्या.

संवेगच हलत असेल, तर क्रिया आणि प्रतिक्रिया समान राहिलेल्या नाहीत. नेहमीचं कारण असं: एकाच लूपमध्ये पहिल्या कणावरचं बल काढलं, त्याला लगेच हलवलं, आणि दुसऱ्या कणावरचं बल पहिल्याच्या नव्या जागेवरून काढलं. आधी सगळ्यांची त्वरणं काढून एका अ‍ॅरेत ठेवायची, मगच सगळ्यांना हलवायचं. घोळका सरकतो आहे पण संवेग स्थिर आहे, असं असेल तर कोड निर्दोष आहे. सुरुवातीला कणांना दिलेल्या यादृच्छिक वेगांची बेरीज शून्य नव्हती, एवढंच. वस्तुमानानुसार सरासरी वेग काढून तो प्रत्येकातून वजा करा.

संवेग ठीक, कोनीय संवेगही ठीक, पण ऊर्जा दर फेरीला वर-खाली होते, आणि ग्रहाची वाट फुलाच्या पाकळ्यांसारखी फिरत जाते? इथे बहुतेक वेळा भागाकार चुकलेला असतो. बल अंतराच्या वर्गाने कमी होतं हे सगळ्यांना पाठ असतं, म्हणून क्ष-अंतराला वर्गाने भागलं जातं. पण क्ष-अंतरात दिशेबरोबर लांबीही असते, त्यामुळे भागायचं घनाने. वर्गाने भागलं की बल फक्त अंतराच्या व्यस्त प्रमाणात उरतं. त्या बलात कक्षा बंद होत नाहीत. जवळपास वर्तुळाकार कक्षा घेतली तर सर्वांत जवळच्या बिंदूपासून सर्वांत दूरच्या बिंदूपर्यंतचा कोन १८० अंशांऐवजी सुमारे १२७ येतो. पडद्यावर हा कोन मोजून बघा. १२७च्या आसपास आला तर दुसरं काही शोधू नका. प्रत्येक बांधलेली कक्षा बंद होते अशी केंद्रीय बलं दोनच आहेत, व्यस्त वर्गाचं आणि स्प्रिंगचं, हे जोसेफ बर्ट्रां यांनी १८७३ मध्ये सिद्ध केलं होतं.

संवेग टिकतो, पण कोनीय संवेग कधी वाढतो, कधी घटतो, आणि कण अक्षांच्या दिशेने धावत अधिकच्या चिन्हासारखी आकृती करतात: म्हणजे क्ष आणि य दिशांचं बल स्वतंत्रपणे काढलंय, क्षसाठी फक्त क्ष-अंतर वापरून. खरं अंतर दोघांचं मिळून एकच असतं, आणि दोन्ही घटकांना त्याच्याच घनाने भागायचं.

आणि ऊर्जा व कोनीय संवेग दोन्ही एकाच दिशेने वाढत चाललेत, ग्रह सर्पिल काढत बाहेर जातोय? मग बलाचं सूत्र बरोबर आहे. चूक पुढच्या पायरीत आहे.

पुढे सरकवण्याची पद्धत

बहुतेक जण पहिल्यांदा असं लिहितात: नवी जागा = जुनी जागा + जुना वेग × टाइमस्टेप; नवा वेग = जुना वेग + त्वरण × टाइमस्टेप. टाइमस्टेप म्हणजे एका स्टेपचा काळ. ही ऑयलरची साधी पद्धत. ग्रह स्पर्शरेषेवरून सरळ पुढे ढकलला जातो, म्हणजे दर स्टेपला वर्तुळाच्या किंचित बाहेर पडतो, आणि ही चूक कधीच उलट दिशेला होत नाही. वरच्या १ त्रिज्येच्या वर्तुळात एका स्टेपला ऊर्जा जवळजवळ टाइमस्टेपच्या वर्गाइतकी वाढते. टाइमस्टेप ०.०१ घेतला, म्हणजे एका फेरीला तब्बल ६२८ स्टेप्स, तरी पहिल्या फेरीच्या काळात त्रिज्या साधारण ११ टक्क्यांनी वाढते आणि दहा फेऱ्यांच्या काळात ती १.७च्या आसपास पोचते. टाइमस्टेप दहापट लहान केला तर ही गळती दहापट कमी होते, थांबत नाही.

उपाय इतका छोटा आहे की विश्वास बसत नाही. दोन ओळींची अदलाबदल करा. आधी वेग बदला, मग नव्या वेगाने जागा बदला. एवढ्यानेच ऊर्जा वाढत जायची थांबते आणि एका ठरावीक पट्ट्यात वर-खाली होत राहते. कोनीय संवेग तर राउंडिंगपुरता सोडला तर जसाच्या तसा टिकतो.

त्याहून चांगली लीपफ्रॉग पद्धत, आणि माझ्या मते घरच्या सिम्युलेशनला हीच वापरावी. वेगाला अर्ध्या टाइमस्टेपचा धक्का द्या, जागा पूर्ण टाइमस्टेपने हलवा, नव्या जागेवर त्वरण काढा, वेगाला उरलेला अर्धा धक्का द्या. त्वरण दर स्टेपला एकदाच काढावं लागतं, कारण शेवटी काढलेलं त्वरण पुढच्या स्टेपच्या सुरुवातीला कामी येतं. टाइमस्टेप निम्मा केला की ऊर्जेतली चूक चौपट कमी होते. हे स्वतः तपासून बघा. तशी ती कमी झाली नाही, तर अर्ध्या धक्क्यांत कुठेतरी घोळ आहे. दुसरी तपासणी याहून सुंदर आहे: हजार स्टेप्स चालवा, सगळे वेग उलटे करा, पुन्हा हजार स्टेप्स चालवा. ग्रह निघाला होता तिथेच परत यायला हवा. लीपफ्रॉगमध्ये लंबवर्तुळ स्वतः अगदी सावकाश फिरताना दिसेल. ती पद्धतीची मर्यादा आहे, टाइमस्टेप लहान केला की तेही मंदावतं.

चौथ्या क्रमाची रुंगे-कुट्टा पद्धत अनेकांना जास्त भरवशाची वाटते. थोड्या काळासाठी ती खरंच अचूक आहे. पण हजारो फेऱ्यांत तिची ऊर्जा एकाच दिशेने घसरत जाते, लीपफ्रॉगची जात नाही.

सुसाट सुटणारे कण

आता दोनशे कण परत आणा. प्रत्येकाचं वस्तुमान ०.००५, नेहमीचे वेग साधारण १, टाइमस्टेप ०.०१. समजा दोन कण योगायोगाने ०.००१ अंतरावर आले. त्वरण होतं ०.००५ भागिले अंतराचा वर्ग, म्हणजे ५,०००. एका स्टेपमध्ये वेग ५० ने वाढतो, पुढच्या स्टेपमध्ये कण ०.५ अंतर पार करून पलीकडे गेलेला असतो. खऱ्या जगात जवळ येताना मिळालेला वेग लांब जाताना तितकाच परत जातो. इथे परत जाण्याचा भाग मोजलाच गेला नाही, कारण पुढचं त्वरण काढलं तेव्हा कण लांब पोचला होता. ऊर्जेच्या आलेखात ही घटना उभ्या उडीसारखी दिसते. कण सुटला त्याच क्षणी ऊर्जेत उडी असेल तर ही संगणकीय चूक. उडी नसेल, तर खालचा ‘जे बिघाड नाही’ हा भाग वाचेपर्यंत थांबा.

यावरचा रूढ उपाय म्हणजे सॉफ्टनिंग. अंतराचा वर्ग घेताना त्यात एका छोट्या लांबीचा वर्ग मिळवायचा आणि त्या बेरजेच्या दीड घाताने भागायचं. या सूत्राचं मूळ एच. सी. प्लमर यांनी १९११ मध्ये गोलाकार तारकागुच्छांसाठी मांडलेल्या घनतेच्या सूत्रात आहे: कण बिंदू न राहता छोटासा धूसर गोळा होतो. १ त्रिज्येच्या तबकडीत २०० कण असतील तर दोघांतलं सरासरी अंतर ०.१२च्या आसपास येतं; सॉफ्टनिंग ०.०३ घेतलं तर एका कणामुळे मिळणारं त्वरण २.१४च्या वर कधीच जात नाही.

इथे दोन गोष्टी हमखास राहून जातात. बल सॉफ्ट केलं तर स्थितिज ऊर्जाही त्याच बेरजेच्या वर्गमुळाने भागा, नाहीतर ऊर्जेचा आकडा निरर्थक होतो. आणि सॉफ्टनिंग वाढवत नेऊ नका. ०.३ घेतलं की चित्र फार गोड दिसतं, पण त्या लांबीच्या आतलं सगळं गुरुत्वाकर्षण तुम्ही पुसून टाकलेलं असतं. टाइमस्टेप असा ठेवा की सर्वांत वेगवान कणाला सॉफ्टनिंगची लांबी ओलांडायला निदान काही स्टेप्स लागतील.

पडदा एकदम कोरा झाला आणि सगळे आकडे नॅन (NaN, म्हणजे ‘ही संख्याच नाही’) दाखवू लागले, तर कण स्वतःलाच ओढतोय. शून्य भागिले शून्य होतं, आणि एका कणाची जागा नॅन झाली की पुढच्या बेरजेत सगळ्यांची होते. पहिला नॅन येताच प्रोग्राम थांबेल अशी अट घाला.

घड्याळ, दशांश आणि भिंती

टाइमस्टेप फ्रेमच्या वेळेवरून घेऊ नका. ब्राउझरची टॅब मागे गेली की चित्र काढणं थांबतं. परत आलात की मधली कित्येक सेकंदं एकाच स्टेपमध्ये घुसतात आणि सगळं उधळतं. ठरावीक टाइमस्टेप ठेवा आणि एका फ्रेममध्ये तो हवा तितक्या वेळा चालवा. बदलत्या टाइमस्टेपने लीपफ्रॉगचा मुख्य गुणही जातो.

३२ बिटांच्या संख्यांत साधारण सात आकडे अचूक राहतात. पृथ्वी सूर्यापासून १५ कोटी किलोमीटरवर, अंतर मीटरमध्ये ठेवलंय, तर दोन शेजारच्या संख्यांमधलं अंतर १६,३८४ मीटर होतं. पृथ्वी सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर जाते, टाइमस्टेप ०.१ सेकंद घेतला तर ती ३ किलोमीटर सरकायला हवी, पण ३ किलोमीटर मिळवले तरी संख्या बदलतच नाही. ग्रह जागच्या जागी उभा. ‘टाइमस्टेप लहान केला की अचूकता वाढते’ हा नियम इथे उलटतो. ग्राफिक्स कार्डवर किंवा जावास्क्रिप्टच्या फ्लोट३२ अ‍ॅरेत काम करणाऱ्यांनी हे आधी तपासावं. म्हणूनच वर एककं बदलायला सांगितली.

पडद्याच्या उजव्या कडेने गेलेला कण डावीकडून आत आणत असाल, तर त्या क्षणी त्याच्यावरच्या बलाची दिशा एकदम पालटते आणि ऊर्जा उडी मारते. कडा उघडी ठेवा, कॅमेरा लांब न्या.

जे बिघाड नाही

इथवर सगळं दुरुस्त झालं, तिन्ही आकडे स्थिर झाले, तरी सिम्युलेशन तुम्हाला चकित करणारच. आता मात्र त्याच्यावर विश्वास ठेवा.

कण स्थिर ठेवून सोडले तर ते हळूहळू जमून गोळा होतील असं वाटतं. प्रत्यक्षात सगळे जवळजवळ एकाच वेळी मध्यावर कोसळतात. १ वस्तुमानाच्या, १ त्रिज्येच्या एकसारख्या गोलासाठी हा काळ १.११ येतो, आणि तुमच्या त्रिमितीय सिम्युलेशनमध्ये तो याच्या आसपास यायला हवा. मग ते एकमेकांतून आरपार जातात, काही कायमचे निसटतात, बाकीचे काही हेलकाव्यांनंतर दाट गाभा आणि विरळ कवच अशी रचना घेतात. या झपाट्याने होणाऱ्या स्थिरावण्याचं विवेचन डोनाल्ड लिंडेन-बेल यांनी १९६७ मध्ये केलं. तपासायला सोपा निकष आहे: घोळका स्थिरावला की गतिज ऊर्जेची दुप्पट ही स्थितिज ऊर्जेच्या परिमाणाजवळ यायला हवी. घोळक्याचा एकच घट्ट गोळा कधी होत नाही, कारण तुमच्या कणांत घर्षण नाही, वायू नाही, उष्णता बाहेर टाकायचा मार्ग नाही. ग्रह बनताना पाहायचे असतील तर टकरींत कण जोडावे लागतील: संवेग टिकवून, वस्तुमानकेंद्रावर. त्यात ऊर्जा कमी होते, आणि ती व्हायलाच हवी.

कण सुटला पण ऊर्जेत उडी नाही? मग नीट बघा, मागे बहुधा एक घट्ट जोडी राहिली असेल. तीन कण एकत्र येतात, दोघे अधिक जवळ येतात, त्यातून मोकळी झालेली ऊर्जा तिसऱ्याला बाहेर फेकते. तारकागुच्छांत हेच चालतं.

गाभ्यातून ऊर्जा निघून गेली की गाभा आणखी आकसतो आणि त्यातले कण आणखी वेगाने फिरू लागतात. ऊर्जा काढली की तापतो, असं ऋण उष्णताधारकतेचं वागणं गुरुत्वाने बांधलेल्या समूहांत अगदी स्वाभाविक आहे. थानू पद्मनाभन, जे पुढे पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत होते, त्यांनी १९९० मध्ये या विषयाचा सविस्तर आढावा लिहिला. जड कण वेग गमावून मध्यावर बुडतात, त्यामागचं गतिकीय घर्षण सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी १९४३ मध्ये मांडलं. फिरत्या तबकडीत सगळ्यांना नेमका वर्तुळाकार वेग दिला तर ती गुठळ्या होऊन फुटते किंवा मध्ये लांबट दांडा तयार होतो. जेरेमाया ऑस्ट्रायकर आणि जेम्स पीबल्स यांनी १९७३ मध्ये तीनशेच्या आसपास कण घेऊन हेच दाखवलं, आणि आकाशगंगांभोवती न दिसणारं वस्तुमान असावं या विचाराला त्यातून बळ मिळालं. तबकडी टिकवायची तर वेगांत थोडी यादृच्छिकता घाला आणि भोवती जड, स्थिर प्रभामंडळाचं (तबकडीला वेढणाऱ्या न दिसणाऱ्या वस्तुमानाचं) बल ठेवा. कण पेरताना त्रिज्या यादृच्छिक संख्येच्या वर्गमुळाने घ्या, नाहीतर मध्यावर आधीच गर्दी होते.

स्वीडनमध्ये एरिक होल्मबर्ग यांनी १९४१ मध्ये संगणकाशिवाय हा प्रयोग केला होता: प्रत्येक आकाशगंगेसाठी ३७ दिवे, एकूण ७४. प्रकाशही अंतराच्या वर्गाने कमी होतो, म्हणून दिव्याच्या जागी येणारा प्रकाश मोजून त्यांनी बल काढलं आणि दिवे हाताने पुढे सरकवले.

राहिली गोष्ट दोन रन वेगळे येण्याची. यादृच्छिक संख्यांचं बीज (सीड) तेच, कोड तोच, फक्त बेरजेचा क्रम बदलला किंवा काम अनेक थ्रेड्समध्ये वाटलं, तरी थोड्या वेळाने प्रत्येक कण वेगळ्याच जागी असतो. शेवटच्या दशांशातला फरक जवळच्या भेटींत झपाट्याने वाढतो. त्यामुळे एकेका कणाची जागा ताडून पाहू नका. घनता, गतिज ऊर्जा, निसटलेल्यांचं प्रमाण यांची तुलना करा.

शेवटची परीक्षा

दोन उदाहरणं चालवा, सॉफ्टनिंग शून्य ठेवून. पहिलं इंग्रजी आठ आकड्याचं: क्रिस्टोफर मूर यांनी १९९३ मध्ये संगणकावर शोधलेलं, आलँ शँसिने आणि रिचर्ड माँटगोमेरी यांनी २००० मध्ये सिद्ध केलेलं. तीन कण, प्रत्येकी वस्तुमान १. पहिला (०.९७०००४३६, −०.२४३०८७५३) वर, दुसरा त्याच्या बरोबर विरुद्ध, तिसरा मध्यावर. तिसऱ्याचा वेग (−०.९३२४०७३७, −०.८६४७३१४६), बाकी दोघांचा त्याच्या उलट दिशेने निम्मा. ६.३२६ काळात तिघांनी एकाच आठावरून एक फेरी पूर्ण करायला हवी. लीपफ्रॉग आणि ०.००१ टाइमस्टेपला हे सहज जमतं.

दुसरं कठीण आहे. कार्ल बुराऊ यांनी १९१३ मध्ये घेतलेलं: वस्तुमानं ३, ४, ५, जागा अनुक्रमे (१, ३), (−२, −१), (१, −१), तिघेही स्थिर. कण इतके जवळ येतात की ठरावीक टाइमस्टेप पुरत नाही, अंतरानुसार तो लहान-मोठा करावा लागतो, आणि इथे लीपफ्रॉगपेक्षा उच्च क्रमाची पद्धत घेणंच योग्य. व्हिक्टर सेबेहेली आणि फ्रेडरिक पीटर्स यांनी १९६७ मध्ये हे शेवटपर्यंत सोडवलं: ६०च्या आसपासच्या काळाला ४ आणि ५ यांची जोडी बनते आणि ३ कायमचा बाहेर फेकला जातो. तुमच्याकडे वेगळाच कण बाहेर पडला, तर आधी ऊर्जेचा आलेख उघडा आणि पहिली उडी कुठल्या भेटीत आली ते शोधा. टाइमस्टेप तिथे कमी पडला आहे.